हॉलच्या भिंतीसाठी हाताने रंगवलेलं जुनं उपरोधिक चित्र : नागपुरात करून घ्यावं का, आणि कोणतं?

बेसारोड

नमस्कार मंडळी,

बेसा रोडला नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला. हॉलमध्ये सोफ्यामागची भिंत चांगली लांबरुंद आहे आणि सध्या मोकळी आहे. नातेवाइकांच्या सूचना येऊन गेल्या : सात घोडे, बुद्ध, धबधबा, परत सात घोडे. मला यातलं काही नको. पाहुण्याने चहा पिता पिता एकदा बघावं, मग उठून जवळ जाऊन बघावं आणि हसावं, असं काहीतरी हवंय.

अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम हॉगार्थ, त्याचं 'जिन लेन' मला कॉलेजपासून आवडतं. दारूत बुडालेला लंडनचा रस्ता, कोपऱ्याकोपऱ्यात एकेक किस्सा. ते कॅनव्हासवर ऑइलमध्ये हाताने रंगवून घ्यायचा विचार आहे, पाच फूट बाय तीन फूट. पोस्टर नको. नागपुरात अशी कॉपी नीट करणारे आहेत का, भाव कसा लावतात, ऑइल घ्यावं की अ‍ॅक्रिलिक, आणि आपल्या उन्हाळ्यात ते टिकतं का, हे कुणी सांगेल का?

आईचा विरोध आहे. "दारूची, भांडणाची चित्रं घरात लावत नसतात" म्हणते. यावर उपाय असला तर तोही सांगा.

तर्रीपोहे

काहून बाप्पा, त्या घोड्यायनं तुमचं काय घोडं मारलं?

मस्करी सोडा, एक गोष्ट सांगून ठेवतो. ऑनलाइन मागवू नका. मी एका साइटवरून 'हँडपेंटेड' म्हणून मागवलं होतं, तर कॅनव्हासवर छापून, वरतून पारदर्शक जेल ब्रशनं फासून पाठवलं त्यायनं. भिंग लावून पाहा, छपाईचे ठिपके दिसतात. आन् दुसरी खूण म्हणजे ब्रशचे उंचवटे चित्राच्या आकारासंगं चालत नाहीत. नाक एकीकडं, फटकारा भलतीकडं. पैसे परत मागितले तर मले दहा टक्क्यांचं कूपन देऊन राहिले होते.

कोळसा_आणि_कागद

बेसारोड, ऑर्डर देण्याआधी जरा थांबा. 'जिन लेन' हे ऑइल पेंटिंग नाहीच. हॉगार्थने ते १७५१ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, कागदावर छापलं आणि 'बिअर स्ट्रीट' या जोडीच्या चित्रासोबत शिलिंगाला एक असं विकलं. बिअर पिणारे गुटगुटीत आणि सुखी, जिन पिणारे रस्त्यावर मरतायत, असा तो प्रचार होता. त्याच वर्षी जिनच्या विक्रीवर कायदाही आला. या चित्राचं रंगीत मूळ कुठल्या संग्रहालयात शोधू नका. तुम्ही ऑइलमध्ये मागितलंत तर चित्रकार मनाचे रंग भरणार, आणि कोरणीच्या बारीक रेघांनी जे करडं, कोंदट वातावरण उभं राहिलंय ते ब्रशखाली पुसलं जाणार.

उपरोधिक चित्रांचा बराचसा खजिना असाच छापील आहे. स्पेनच्या गोयाच्या 'लॉस काप्रिचोस'मध्ये १७९९ च्या ऐंशी प्लेट्स आहेत, एचिंग आणि अ‍ॅक्वाटिंटमध्ये (दोन्ही पत्रा आम्लाने कोरून छापायच्या पद्धती). फ्रान्सच्या दोमिएच्या लिथोग्राफांची (दगडावरून छापलेल्या चित्रांची) संख्या चार हजारांच्या घरात जाते. राजा लुई-फिलिप खादाड राक्षसासारखा प्रजेचा पैसा गिळतोय असं १८३१ चं त्याचं चित्र, त्यापायी त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. कॅनव्हासवरच्या एका प्रतीने कुणी तुरुंगात जात नाही. छापील चित्राच्या प्रती गावभर जाऊ शकतात, म्हणून राजाला झोंबलं.

म्हणून आधी ठरवा, मूळ काम रंगाचं आहे की छपाईचं. रंगाचं असेल तरच रंगवून घेण्यात अर्थ आहे.

आणि हॉगार्थच हवा असेल तर त्याने स्वतः ऑइलमध्ये केलेली 'मॅरेज आ-ला-मोद' ही मालिका आहे. साधारण १७४३ ची, सहा चित्रं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत. पैशासाठी ठरवलेलं लग्न आणि त्याची धूळधाण. यातली गंमत अशी की तिच्यावरून १७४५ मध्ये जे प्रिंट निघाले ते सगळे आरशातल्यासारखे उलटे आहेत. दुसऱ्या चित्रात रात्रभर उंडारून आलेला नवरा खुर्चीत पसरलाय, तो मूळ पेंटिंगमध्ये आपल्या उजव्या हाताला आहे. तुमच्या कॉपीत तो डावीकडे आला तर समजा, चित्रकाराने इंटरनेटवरचा प्रिंट उचलला आणि रंग मनाने भरले.

रेवती_न

या मालिकेतलं पहिलं चित्र लावा! सरदार गाऊटने सुजलेला पाय वर ठेवून आपल्या वंशवृक्षाकडे बोट दाखवतोय, मुलीचा व्यापारी बाप चष्मा लावून करारनामा वाचतोय. नवरा-नवरी एकमेकांकडे पाठ करून बसलेत. वकील लेखणी तासता तासता नवरीच्या कानाशी लागलाय. आणि खाली एका साखळीत बांधलेले दोन कुत्रे, दोघांची तोंडं दोन दिशांना.

आमच्या घरच्या एका साक्षगंधात डिट्टो हेच होतं, फक्त कुत्रे नव्हते.

सुमतीकाकू

मी तुमच्या आईच्या बाजूची. 'जिन लेन'मध्ये मधोमध एक बाई नशेत बसली आहे आणि तिच्या हातातून तान्हं बाळ कठड्याखाली पडतंय. मागे एकाने गळफास घेतलाय. चित्र थोर आहे, वादच नाही, पण तुम्ही रोज त्याच्यासमोर बसून वरणभात जेवणार आहात का? पुस्तकात ते पान उलटता येतं.

आम्ही कार्ल स्पिट्झवेगचं 'गरीब कवी' करून घेतलंय. १८३९ चं जर्मन चित्र. माळ्यावरच्या खोलीत कवी गादीवर पडलाय, टोपी घालून, लेखणी दातात, बोटांवर मात्रा मोजतोय. छत गळतं म्हणून डोक्यावर उघडी छत्री टांगलेली. शेकोटीत जाळायला लाकूड नाही, तर स्वतःच्याच हस्तलिखितांचा गठ्ठा कोंबलाय. (इथल्या कविता विभागातल्या मंडळींनी मनाला लावून घेऊ नये.) मूळ चित्र अगदी छोटं आहे, साधारण ३६ बाय ४५ सेंटिमीटर, त्यामुळे मूळ मापाची कॉपी परवडते. चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीकडून करून घेतली, तिने मन लावून केली. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ती छत्री फार जवळची वाटते.

सासूबाईंना तो आजारी माणूस वाटतो. येता-जाता "बरा होऊ दे रे बाबा" म्हणतात. आक्षेप शून्य.

पाचपावली

सगळं वाचलं. मला एक कळत नाही, नागपूरकर असून लंडनचे टोमणे विकत कशाला घ्यायचे? आपल्याकडे मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक असते; काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे टोमणे मारणाऱ्या पुतळ्यांवर, काय नसतं? महागाई, खड्डे, पुढारी, परदेशातले राष्ट्राध्यक्षसुद्धा. "घेऊन जा गे मारबत" करत मिरवायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. यंदाचा राग यंदा जळाला, पुढच्या वर्षी नवा बडग्या.

तुम्ही टोमण्याला वार्निश मारून सोफ्यावर टांगणार. मग तो टोमणा उरतो कुठे? सजावट होते. पडद्याच्या रंगाला जुळतो का, एवढंच बघायचं.

कोळसा_आणि_कागद

पाचपावली, अर्धं पटलं. गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचं १८०५ चं एक चित्र आहे, ब्रिटिश पंतप्रधान पिट आणि नेपोलियन टेबलाला बसून पृथ्वीचा गोळा पुडिंगासारखा कापून वाढून घेतायत. आज पिट कोण हे पाहुण्याला सांगत बसावं लागेल. पण दोन माणसं पृथ्वी कापून खातायत, हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही. एखाद्या व्यक्तीपुरता मारलेला टोमणा जाळायचाच असतो, तिथे तुमचं बरोबर. हॉगार्थच्या त्या लग्नात ओळखूनच काढावं लागेल असं कुणी नाही, म्हणून रेवतीताईंना तिथे साक्षगंध दिसलं.

गिलरे निघालाच आहे तर आणखी एक. त्याचे प्रिंट छापून झाल्यावर हाताने, जलरंगात रंगवून विकले जायचे. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्री या बाईंचं दुकान होतं, तिच्या काचेसमोर लोक गर्दी करायचे. तेव्हा 'हाताने रंगवलेलं' हाच तुमचा हट्ट असेल तर इथे तो मूळ पद्धतीत बसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या फायली मोफत उघड्या केल्या आहेत. बिनरंगाची प्रत मिळाली तर ती जाड कॉटन कागदावर पिगमेंट शाईत छापून घ्या (साध्या इंकजेटची शाई ओला ब्रश लागताच फुटते) आणि वर पातळ जलरंग द्या. हे घरीसुद्धा जमतं.

मुकाम_अमरावती

अवांतर विचारतो. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन मोठा करून भिंतीवर रंगवून घेतला तर चालतो का? की तोही हॉगार्थसारखा मोकळा आहे?

काळा_कोट

मोकळा नाही. आपल्याकडे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. लक्ष्मण २०१५ मध्ये गेले, म्हणजे २०७५ संपेपर्यंत. पैसे घेऊन रंगवून देणाऱ्याने परवानगीशिवाय त्यात हात घालू नये. बंगालचे चित्रकार गगनेंद्रनाथ टागोर १९३८ मध्ये गेले, त्यांची व्यंगचित्रं कधीच मोकळी झाली. त्यांचा 'अद्भुत लोक' हा १९१७ चा संच बघा. त्यातला 'विद्येचा कारखाना' कोचिंग क्लासच्या ऑफिसात लावायला काय शोभेल!

आणि हॉगार्थ या विषयातला आद्य फिर्यादी. त्याच्या चित्रांच्या चोरट्या नकला निघायच्या म्हणून त्याने इतरांसोबत संसदेकडे धाव घेतली आणि १७३५ मध्ये कोरीव चित्रांना हक्क देणारा कायदा लागू झाला. तो लागू होईपर्यंत त्याने 'अ रेक्स प्रोग्रेस' या आपल्या मालिकेचे प्रिंट विक्रीला काढलेच नाहीत. त्याचीच कॉपी आपण आज निर्धास्त करतोय.

टर्पेंटाइन

मी पोटापाण्यासाठी अशा कॉपी करतो. इथे जाहिरात करत नाही, नंबर विचारू नका. शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला जा, काम बघा, ज्याचे चेहरे आवडतील त्याला पकडा. निसर्गचित्र बघून माणूस ठरवू नका.

भावाचं सांगतो. बरेच जण चौरस इंचावर दर लावतात. ते डोंगर-नदीला ठीक, आकाश एका बैठकीत होतं. हॉगार्थमध्ये आकाशच नाही. म्हणून अशा कामाला मी चौरस इंचाचा दर कमी ठेवतो आणि दर चेहऱ्यामागे वेगळे घेतो. हे आधी बोलून घ्या. नाहीतर चित्रकार मागचे चेहरे उरकतो आणि उपरोधिक चित्रात नेमका माल मागेच असतो.

माप. पाच बाय तीन विसरा. 'मॅरेज आ-ला-मोद'ची चित्रं साधारण ७० बाय ९१ सेंटिमीटर आहेत. तुमच्या मापात बसवायला वरून-खालून कापावी लागतील, आणि कापलं की काहीतरी मरतं. पहिल्यातले कुत्रे खालच्या कडेलाच आहेत. लहानही करू नका. दुसऱ्या चित्रात नवऱ्याच्या खिशातून बाईची टोपी डोकावते आणि घरातलं कुत्रं ती हुंगतंय. अख्खी भानगड त्या टोपीत आहे. ती बोटाच्या पेराएवढी झाली तर पाहुण्याला रुमाल वाटेल. मोठी भिंत भरायचीच असेल तर मूळ मापात दोन चित्रं शेजारी लावा.

काम चौकोन आखून उतरवतो, जुनीच रीत आहे. दोमिएचं 'तिसऱ्या वर्गाचा डबा' हे ऑइल मेट म्युझियममध्ये आहे, अर्धवट राहिलेलं. त्याच्यावर त्याने स्वतः आखलेले चौकोन अजून दिसतात. (टोमणा कमी आणि माया जास्त असलेलं चित्र हवं असेल तर हेही घरात छान बसेल. आपल्या जनरल डब्यातलीच माणसं वाटतात.) रेखाटन झाल्यावर, बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी रंगाचा) पहिला हात झाल्यावर आणि चेहरे झाल्यावर, असे तीनदा फोटो मागा. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या. एकदा चेहरा सुकला की कुणी चित्रकार आनंदाने दुरुस्ती करत नाही.

ऑइलच घ्या. मे महिन्यात इथे अ‍ॅक्रिलिक पॅलेटवरच सुकतं, गालावरची छटा मिसळेपर्यंत थांबत नाही. अंतिम वार्निश मात्र लगेच नको, सहा महिने तरी जाऊ द्या. घाई करणारा चित्रकार पहिल्याच आठवड्यात चकचकीत करून देतो. त्या वार्निशखाली रंग नीट वाळत नाही.

मागच्या बाजूला 'प्रत' असं लिहून चित्रकाराची सही आणि वर्ष घ्या. पुढे हॉगार्थची सही नको. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून नक्कल करणाऱ्यांना सही उतरवायला बंदी असते, शिवाय माप मूळापेक्षा पाचव्या हिश्शाने तरी लहान-मोठं ठेवावं लागतं. घरात एवढं पाळायची गरज नाही, पण पाठीवरची नोंद हवीच.

सुमतीकाकू

आणि उन्हाळा? तो प्रश्न राहिला.

टर्पेंटाइन

ऊन कॅनव्हासचं फार बिघडवत नाही, थेट पडलं नाही म्हणजे झालं. बिघडवतो कूलर. बाहेर ४५, हॉलमध्ये खसच्या ताट्यांची ओली हवा, दुपारी लाइट गेली की परत कोरडं. कॅनव्हास सैल पडतो, ताणतो, पुन्हा सैल पडतो. कूलरच्या समोरच्या भिंतीवर चित्र लावू नका. चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी असलेलाच स्ट्रेचर घ्या, सैल पडलं की हलक्या हाताने ठोकून ताणता येतं. कागदावरचं काम असेल तर कूलर त्याचा पक्का वैरी, बुरशीचे पिवळे ठिपके येतात. काच कागदाला चिकटू देऊ नका, मधे माउंट हवंच. दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं कुणाच्या हाती लागणार नाही एवढं बघा, मऊ कोरडा ब्रश पुरतो.

चितारओळ

घरासाठी मोठं ऑइलच का? कालीघाट पट बघा की, कोलकात्याच्या कालीघाट देवळापाशी निघायचे ते. मला तरी आपल्याकडचं सगळ्यात घरगुती उपरोधिक चित्र तेच वाटतं. कपाळावर वैष्णवाचा टिळा लावलेली मांजर, तोंडात कोळंबी. ढोंगी बुवाबाजीवर इतकं थोडक्यात कुणी बोललेलं नाही. बायकोच्या पायाशी लोळणारे बाबू आहेत. १८७३ च्या तारकेश्वरच्या महंताच्या खटल्यावर तर चित्रांची मालिकाच निघाली. ही चित्रं मुळातच हाताने, झरझर, गिरणीच्या साध्या कागदावर काढून देवळाबाहेर विकली जायची. एकाच विषयाच्या असंख्य प्रती असायच्या. तेव्हा इथे नक्कल आणि अस्सल हा घोळच नाही. पुढे स्वस्त छापील चित्रांनी त्यांचा धंदा बुडवला.

त्यातली रेघ एका दमात ओढावी लागते. महालात चितार ओळीत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे हात बघा. पोर्ट्रेट करणाऱ्यापेक्षा ही मांजर त्यांना लवकर साधेल असं माझं मत. कालीघाटची पटुआपाडा, म्हणजे पट काढणाऱ्यांची आळी, आजही मूर्तिकारांचीच वस्ती आहे. फक्त गणेशोत्सवाच्या तोंडावर विचारायला जाऊ नका, हाकलून देतील.

तर्रीपोहे

मांजर पाह्यली. बम आवडली. कोळंबीच्या जागी सावजीचा मटण-पीस दिला तर?

चितारओळ

द्या. नक्कल करताना भर घालायची मुभा जुनीच आहे. फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगेल थोरल्याचं 'नेदरलँडिश प्रॉव्हर्ब्स' १५५९ चं. त्याच्या मुलाने त्याच्या डझनभर तरी प्रती रंगवून विकल्या, घरचा धंदाच होता. तेही चित्र बेसारोडनी बघावं. एका गावात शंभरावर म्हणी माणसांच्या रूपात वावरतायत. एक जण भिंतीवर डोकं आपटतोय, एक वासरू बुडून मेल्यावर विहीर बुजवतोय (आपला बैल गेला नि झोपा केला), एकीच्या एका हातात विस्तव आणि दुसऱ्या हातात पाणी. पाहुणे ओळखत बसतील, चहा गार होईल.

कोळसा_आणि_कागद

चित्र उत्तम, पण मूळ ११७ बाय १६३ सेंटिमीटर आहे आणि त्यात माणसं खच्चून भरलीत. टर्पेंटाइन यांच्या चेहऱ्यांच्या हिशोबाने बेसारोड यांना फ्लॅट विकावा लागेल. त्यातला एक कोपरा मूळ मापात करून घेणं शहाणपणाचं.

पाचपावली

मी माझ्या मतावर कायम. पण ती मांजर मलाही हवी आहे.

बेसारोड

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. 'जिन लेन' रद्द. त्याचा छापील प्रिंट माउंट करून माझ्या टेबलापाशी लावीन, आईची नजर तिथे जात नाही. भिंत मोजली. कूलर समोरच्या खिडकीत येणार होता, तो आता बाजूच्या खिडकीत बसवतोय.

काल आईला लॅपटॉपवर हॉगार्थची सहाही चित्रं मोठी करून दाखवली. दुसरं बघून म्हणाली, "सकाळी उठल्यावर या बाईचा आळस कोण बघेल?" शेवटची चार मीच पटकन पुढे सरकवली. पहिल्याला मात्र होकार मिळाला. कारण : "यात निदान लग्न तरी ठरतंय."

तर पहिलं चित्र, मूळ माप, ऑइल. टर्पेंटाइन, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. चेहरे मी मोजलेत, फार नाहीत.

टर्पेंटाइन

व्यनि पाहिला. चेहरे कमी मोजलेत. त्या सरदाराच्या खोलीच्या भिंती जुन्या भारी पेंटिंग्जनी भरलेल्या आहेत. घरात इटालियन चित्रं टांगून मोठेपणा मिरवणाऱ्यांनाही हॉगार्थने तिथेच चिमटा काढलाय. ती सगळी चित्रातली चित्रंही रंगवायची आहेत ना? त्यात माणसं आहेत. मेडूसाचा एक चेहरा धरा, तिच्या डोक्यावरच्या सापांचे पैसे घेत नाही.